एक्केचाळिसावी नोंद

“उजव्या हातानं द्या हो,” बाई म्हणाल्या. “पहिल्यांदाच घरात मासे नेतेय.”

दुकानदाराने डाव्या हातातली पिशवी – अर्धे पाणी, अर्धी हवा आणि दोन भेदरलेले गोल्डफिश – उजव्या हातात घेतली आणि पुन्हा पुढे केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हते. दिवसातून दहा वेळा करावी लागणारी गोष्ट माणूस जशी करतो, तशी त्याने ती केली. मुलुंड पश्चिमेच्या त्या चिंचोळ्या दुकानात भिंतभर काचपेट्या बुडबुडत होत्या आणि त्यांचा हिरवट निळा उजेड त्याच्या कोपरापर्यंत ओल्या हातांवर हलत होता.

“मासे तेच आहेत ना, बघून घ्या,” मी बाईंना म्हणाले. “हात बदलला की कधीकधी बदलतात.”

बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि त्या पायऱ्या उतरल्या.

“गिऱ्हाईक घालवलंत माझं,” तो म्हणाला.

“मासे घेऊन गेल्या की.”

“मासे एकदाच नेतात मॅडम. खाणं दर महिन्याला.” मग तो हसला… आधी डोळ्यांनी, आणि जरा उशिराने ओठांनी. “पण झकास बोललात. आठ वर्षं हेच म्हणायचं होतं मला.”

वास्तविक माझा राग त्या बाईंवर नव्हताच. तो आदल्या दिवशीचा होता, अजून गरम होता, आणि मी तो सकाळपासून मुलुंडभर सांभाळून हिंडवत होते.

मी शर्मिष्ठा परब. मरोळच्या एका संशोधन संस्थेत गेली चार वर्षे मी झेब्रा माशांच्या मेंदूत डावी बाजू येते कुठून, हे शोधत होते. प्रश्न दिसतो तितका बालिश नाही. अंड्यातला गर्भ आधी दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. मग त्याच्या शेपटीकडच्या टोकाशी द्रवाने भरलेला एक इवला फुगा तयार होतो, त्यातले सूक्ष्म केस गरगर फिरू लागतात, आणि त्या फिरण्याने आतला द्रव डावीकडे वाहू लागतो. बस्स, एवढेच. त्या ओघावरून देहाला कळते की डावे कोणते. पुढे मेंदूच्या मध्यरेषेवर जन्मलेल्या काही पेशी ती रेषा सोडून डावीकडे चालू लागतात, आणि त्यांच्या शेजारामुळे मेंदूचा तो भाग उजव्याहून निराळा घडतो. माझ्या प्रयोगात गर्भाचे पाणी पहिल्या काही तासांत सहा अंशांनी गार ठेवले होते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पिल्लांत त्या पेशी उजवीकडे गेल्या होत्या.

माझे मार्गदर्शक डॉ. चंद्रप्रकाश यांच्या मते पेशी कुठेही गेल्या नव्हत्या. पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाठ वर करून ठेवण्याऐवजी पोट वर करून ठेवले, की त्याचे डावे उजवीकडे दिसते. ही आमच्या कामातली नवशिक्याची चूक, आणि ती मी निम्म्या वेळा केली, असे त्यांचे निदान होते. शुक्रवारी भर चर्चासत्रात – आमच्या क्षेत्रात अपमानाला चर्चासत्र म्हणतात – ते म्हणाले, “परब, आपला जेवायचा हात कोणता, ते आधी आईला विचारून या.” साठ माणसे हसली. माझे आजोबा सावंतवाडीहून येऊन लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. सुताचा पीळ डावा की उजवा, हे ते डोळे मिटून बोटांनी सांगत. त्यांच्या नातीला डावे-उजवे कळत नाही, हे ठरवायला साठ पदवीधरांना अर्धे मिनिट पुरले. दोन महिन्यांनी समिती बसायची होती. माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द करावी, ही शिफारस डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवली होती.

“तुम्हाला काय देऊ?” दुकानदाराने विचारले.

“आर्टेमियाची अंडी, पिल्लांच्या खाण्यासाठी. दोन डबे. आमच्याकडची संपलीत.”

“दोन डबे? पिल्लं आहेत किती?”

“चार हजार.”

त्याच्या हातातली जाळी पेटीत पडली.

ती काढायच्या आत आणखी एक गिऱ्हाईक आले. त्यांना फायटर मासा हवा होता. दुकानदाराने बरणीला छोटा आरसा लावला; मासा आपल्याच प्रतिमेवर चवताळून कल्ले फुगवत उभा राहिला. “हा डावा आहे,” तो सहज म्हणाला. “आरसा दिसला की नेहमी डाव्या डोळ्यानं बघतो. वरच्या कप्प्यातला आहे ना, तो उजवा.”

मी डबे खाली ठेवले.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? बघतो ना रोज. गिऱ्हाइकाला रंग बघायचे असतात, मला तेवढाच टाइमपास.”

झेब्रा माशांची पिल्ले आरशातल्या आपल्या प्रतिमेकडे बहुधा डाव्या डोळ्याने पाहतात, हे मी कित्येकदा वाचले होते. आणि ज्या क्षणी त्याची गरज होती, त्या क्षणी विसरले होते. मेंदू उलटा असलेली माझी पिल्ले उजव्या डोळ्याने पाहत असतील, तर माझी छायाचित्रे खरी होती. छायाचित्र उलटे लागू शकते. जिवंत मासा स्वतःला उलटा लावून घेत नाही. फक्त हे कॅमेऱ्याने टिपून चालणार नव्हते, कारण मग कॅमेराही उलटा धरला असे म्हटले गेले असते. त्यासाठी माणसाचे डोळे हवे होते – सरावलेले, आणि कुठले पिल्लू कुठल्या बाजूचे हे अजिबात ठाऊक नसलेले.

“सोमवारी दुकान बंद असतं ना?”

“असतं. का?”

“मला तुमचे डोळे हवेत,” मी म्हणाले, आणि ते वाक्य कसे ऐकू आले असेल, हे माझ्या कानांच्या पाळ्यांना माझ्याआधी कळले.

“इतकं सरळ आजवर कुणी मागितलं नव्हतं. धम्मपाल सोनावणे,” ओले हात पुसत तो म्हणाला. “दोन आहेत. दोन्ही घ्या.”

चाळीस पिल्ले निवडली. त्यांची छायाचित्रे काढून झाली होती आणि प्रत्येक पिल्लू आपापल्या क्रमांकाच्या बरणीत होते. कुणाच्या पेशी डावीकडे आणि कुणाच्या उजवीकडे, ती यादी मी एका पाकिटात घातली. समितीच्या अध्यक्ष डॉ. माणिक रेगे यांनी पाकिटाच्या जोडावर सही केली आणि ते आपल्या कपाटात कुलूपबंद केले. त्या साठी उलटलेल्या, किरकोळ अंगाच्या बाई होत्या आणि त्यांना कुणीही हसताना पाहिले नव्हते. धम्मपालच्या नोंदी दुसऱ्या पाकिटात जाणार होत्या. माणिक मॅडमनी दोन नियम घातले. निरीक्षकाने फक्त नोंदवायचे, निष्कर्ष काढायचा नाही. आणि मला उत्तरे ठाऊक असल्यामुळे, तो पाहत असताना मी त्याच्याकडेही पाहायचे नाही आणि माशांकडेही नाही. माझ्या एका उसाशावरूनही त्याला काही कळता कामा नये.

पण बाहेरच्या माणसाला माशांच्या खोलीत एकटे सोडायचे नाही, हा संस्थेचा नियम होता. तेव्हा दोन्ही नियम पाळण्याचा एकच मार्ग उरला. दर सोमवारी दहा ते एक आम्ही दोन खुर्च्यांवर पाठीला पाठ लावून बसू लागलो. त्याच्यासमोर बरण्या आणि आरसा. माझ्यासमोर भिंत.

भिंतीकडे तोंड करून माणसाची ओळख करून घेणे ही गोष्ट मी कुणाही तरुणीला सुचवेन. चेहरा नसला की आवाजाला लपायला जागा उरत नाही.

“अठरा नंबर नाटकी आहे,” पाठीमागून आवाज यायचा.

“नोंद कर. मत नको.” तुम्हीचे तू केव्हा झाले, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

“मत नाही गं, निरीक्षण आहे. बघतं, मग लाजून वळतं, मग परत बघतं.”

“मासे लाजत नाहीत.”

“मग काय करतात?”

“…वळतात.”

“तू पण आत्ता वळलीस. खुर्ची हलली.”

तो हसला की त्याची खुर्ची थरथरायची, आणि तो थरकाप लाकडातून माझ्या पाठीच्या कण्यात यायचा. माझा विषय मज्जासंस्था असूनही त्या मार्गाचे नाव मला आठवत नसे.

“एमएस्सी का सोडलीस रे?” एकदा मी भिंतीला विचारले.

“बाबा गेले. दुकान त्यांचं. माशांना काय सांगणार, थांबा, मी परीक्षा देऊन येतो?” थोड्या वेळाने तो म्हणाला, “तुझं काय? एवढं डावं-उजवं कशाला?”

“कारण ते कुणी ठरवत नाही. एक ओघ वाहतो आणि ठरतं. आणि मग लोक त्याच्यावरून एकमेकांना शहाणपण शिकवतात.”

“बालवाडीत बाईंनी माझी पेन्सिल रोज डाव्या हातातून काढून उजव्यात दिली,” तो म्हणाला. “म्हणून सगळं डाव्यानं करतो आणि फक्त लिहितो उजव्यानं. माझं अक्षर मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं यार.”

त्या दिवशी माझा जुना राग पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी उठला. एक वाजला की आम्ही कॅन्टीनबाहेरच्या बदामाखाली चहा घेत असू. तीन तास न पाहिल्याची भरपाई मी तिथे करत होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. कुणाच्या तरी आले होते.

“वाट लागेल तुझी,” सहाव्या सोमवारी माझा सहकारी निलेश मला जिन्यात गाठून म्हणाला. “सर सगळ्यांना सांगतायत, परबनं निरीक्षकही आपलाच आणलाय. चहा पिताना बघितलंय म्हणे सगळ्यांनी.”

मी त्याच पावली खोलीत परतले. धम्मपाल बरण्यांवर झाकणे ठेवत होता.

“शर्मिष्ठा, एक सांगू?”

“नको.”

त्याच्या हातातले झाकण तसेच राहिले.

“आजपासून चहा नाही,” मी म्हणाले. “पाकिटं उघडेपर्यंत तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही… एक अक्षर नाही. आपण काही बोललो तर ते म्हणतील, मासेही बोलले.”

“आणि मला आत्ताच विचारायचं असेल तर? एकच प्रश्न?”

“नियम,” मी म्हणाले.

त्याने झाकण बरणीवर ठेवले. “बरं,” एवढेच म्हणाला. पुढच्या सोमवारी त्याने आपली खुर्ची चार बोटे पुढे ओढून घेतली. हवेच्या पंपाची घरघर तेवढी त्या फटीतून येत राहिली. आठव्या सोमवारी, बाराच्या सुमारास, पाठीमागे पेन फार हळू, अडखळत चालल्याचा आवाज आला. मग पाकीट चिकटवल्याचा. मी वळले नाही. आयुष्यात इतका कठोर प्रयोग मी दुसरा केलेला नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी समिती बसली. पाच सदस्य, कोपऱ्यात निलेश फळ्यापाशी, आणि डॉ. चंद्रप्रकाश, शिफारशीचा कागद समोर नीट पसरून. माणिक मॅडमनी दोन्ही पाकिटे सर्वांना दाखवून उघडली.

“क्रमांक एक,” त्या म्हणाल्या. “निरीक्षकाची नोंद, डावा डोळा. परबांची यादी, डावी बाजू. क्रमांक दोन. उजवा डोळा. उजवी बाजू.”

निलेश फळ्यावर खुणा करत गेला. दहापर्यंत डॉक्टर मोबाइल पाहत होते. विसापर्यंत त्यांनी तो उलटा ठेवला. सव्वीस चुकला, त्यांनी मान वर केली. सत्तावीस जुळला, अठ्ठावीस जुळला… चाळीस संपले तेव्हा फळ्यावर सदतीस खुणा होत्या. तीन जुळले नाहीत; मासे होते ते, सरकारी शिक्के नव्हेत. नाणे उडवून चाळीसात सदतीस वेळा बरोबर यायचे, तर माणसाला पिढ्यान्‌पिढ्या उडवत बसावे लागेल.

खोलीत कुणी हसले नाही. माझ्या छातीत डाव्या अंगाला – तिथेच असते ते, बहुतेकांचे – काहीतरी फार जोरात चालले होते.

“थांबा,” माणिक मॅडम म्हणाल्या. “अजून एक ओळ आहे. क्रमांक एक्केचाळीस.”

“पिल्लं चाळीसच होती,” मी म्हणाले.

डॉक्टर पुढे वाकले. “आणि अक्षर बघा! वेगळं आहे. मागाहून कुणीतरी भर घातली आहे. मी म्हणतच होतो…”

मॅडमनी कागद माझ्याकडे वळवला. वरच्या चाळीस ओळी सुबक होत्या. ही मात्र वाकडीतिकडी, मागे रेललेली, एखाद्या लहान मुलाने जीभ चावत लिहावी तशी. मी ते अक्षर कधीही पाहिले नव्हते. तरी ओळखले.

“त्याचंच आहे,” मी म्हणाले. “डाव्या हाताचं.”

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि, तापमानाचा तक्ता वाचावा त्या आवाजात, वाचू लागल्या.

“ ‘क्रमांक ४१. शर्मिष्ठा परब. आरसा नाही. चहाच्या वेळी, पाच सोमवार. डॉक्टरांचा विषय निघाला की भिंतीकडे बघते. माशांचा निघाला की कपाकडे. माझ्याकडे बघते तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघते. किती वेळा ते मोजायचं राहिलं, कारण तेव्हा मीपण बघत होतो. तिच्या मनात काय आहे, याची निरीक्षकाला काडीइतकी माहिती नाही. विचारायला गेलं की ती नियम म्हणते. माझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. मला ती आवडते. फार. निरीक्षकाने निष्कर्ष काढायचा नसतो. काढायची परवानगी मागतो आहे.’ ”

निलेशच्या हातातला खडू मोडला.

“बघा!” डॉ. चंद्रप्रकाश उभे राहिले. “प्रेमप्रकरण! स्वतःच कबूल करतोय. यांनी त्याला एकेक उत्तर पुरवलंय, हे आता आणखी सिद्ध काय करायचं?”

“बसा, चंद्रप्रकाश,” माणिक मॅडम म्हणाल्या. “तुम्ही नीट ऐकलं नाहीत. हा माणूस आठ सोमवार हिच्या पाठीशी बसला. जगात एकच गोष्ट त्याला हिच्याकडून जाणून घ्यायची होती. शेवटच्या दिवशी तो लिहितो, की ती त्याला काडीइतकीही कळलेली नाही. आणि चाळीस माशांच्या मेंदूतल्या बाजू मात्र हिने त्याला सांगितल्या म्हणता?” त्यांनी पेनाचे टोपण काढले. “चाळीस वर्षांत इतकं निर्दोष अज्ञान मी पाहिलेलं नाही. नोंदणी कायम. निष्कर्ष प्रकाशनास योग्य. आणि ही पुरवणी इतिवृत्तात जाईल, निरीक्षकाच्या अनभिज्ञतेचा पुरावा म्हणून. परब, ही नोंद ग्राह्य धरायची?”

“धरावी, मॅडम.”

“आणि परवानगी?”

“ती मी समक्ष देईन.”

आणि माणिक मॅडम हसल्या. त्या खोलीबाहेरच्या कुणीही पुढे ते खरे मानले नसते, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

कागदावर पाच सह्या झाल्या. बाहेर पडताना मी डॉ. चंद्रप्रकाशांच्या खुर्चीपाशी थांबले. शिफारशीचा कागद त्यांनी घडी घालून, मग त्या घडीची घडी घालून, मुठीत धरला होता.

“आईला विचारून आले, सर,” मी म्हणाले. “उजवा.”

फाटकाबाहेर, बदामाच्या पिकल्या तांबड्या पानांत, धम्मपाल स्कूटरला टेकून उभा होता. गुरुवार म्हणजे धंद्याचा दिवस. दुकानाला कुलूप घालून आला होता. मला पाहताच तो सरळ झाला.

“किती?” त्याने आधी माशांचेच विचारले. त्यासाठीही तो मला आवडला.

“सदतीस.”

“काय सांगतेस!” फाटकावरचा रखवालदार दचकला. “चाळीसात सदतीस? शर्मिष्ठा! अगं… म्हणजे तू जिंकलीस!”

“जिंकले.”

“आणि त्या तुझ्या डॉक्टरचं तोंड?”

“भिंतीकडे होतं.”

तो मोठ्याने हसला, आणि मग एकदम थांबला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेले. “शर्मिष्ठा… सगळ्या ओळी वाचल्या का त्यांनी?”

“सगळ्या. मोठ्यानं.”

“वाट लागली.” त्याने डोळे मिटून घेतले. “मला वाटलं, ते पाकीट शेवटी तुझ्याच हातात येईल. एकटीच्या.”

“इतिवृत्तात आहे आता. पाच सह्या आहेत त्याच्यावर. माझ्या घरच्यांना सांगायचं तर प्रमाणित प्रत मिळेल.”

त्याने एक डोळा उघडला. “घरच्यांना… म्हणजे?”

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आठ सोमवार भिंत पाहिली होती; आता घाई नव्हती. त्याच्या उजव्या भुवईत एक बारीक खूण होती, आणि डाव्या गालावर खळी पडत होती, उजव्यावर नव्हती. कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. त्यातल्या त्यात हा मला पाठ करायचा होता.

“काढ,” मी म्हणाले.

“काय?”

“निष्कर्ष. परवानगी आहे.”

त्याने हात पुढे केला, डावा. आणि मग आठ वर्षांच्या सवयीने, नकळत, तो मागे घेतला आणि उजवा पुढे केला.

“तो नको,” मी म्हणाले. “तो गिऱ्हाइकांसाठी ठेव. मला तुझा दे.”